उतरताना कळेल

कुंदा,

येत्या रविवारी तुझी गाडी बघायला येणार आहेत. 'बघायला येणार' हे शब्द लिहिल्याबरोबर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू आलं. "पोहे करणार असलीस तर आधी सांग, मी बाहेर जाते."

तुझे दिवस होऊन गेले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली. वरच्या मजल्यावरच्या तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे भिंतीवर टांगलेली आहे आणि गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये. ती पर्समध्ये का ठेवली हे मला सांगता येणार नाही, कारण मला गाडी चालवता येत नाही. भाजीवाल्याला सुटे द्यायला पर्स उघडते आणि आधी ती हाताला लागते.

मीरा आणि ईशान दर आठवड्याला कॅनडाहून विचारतात, "आजी, आत्याआजीच्या गाडीचं काय करणार?" ईशान म्हणतो ठेव, मी येईन तेव्हा चालवीन. मीरा म्हणते, आजी, तू रोज पार्किंगमध्ये जाऊन तिच्याकडे बघत बसतेस, विकून टाक. त्यांच्या बाबाचं म्हणणं, उभी राहून राहून गाडी सडते. मला मीराचं पटलं. विकायचं ठरवलं, पण ठरवल्यापासून एका प्रश्नाशी अडून बसले आहे. येणारी माणसं विचारणारच, का विकता? आणि या प्रश्नाचं उत्तर देताना काय करायचं नाही, हे तू मला बजावून गेली आहेस.

म्हणून हे लिहायला घेतलं. मुलंही वाचतील. त्यांचं मराठी वाचन अडखळत चालतं, तेव्हा सोपं लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यांना बरं पडलं असतं. आयुष्यभर कॉलेजात मी तेच शिकवलं. पण तुझ्याशी मी कधी एक वाक्य इंग्रजीत बोलले नाही. आता तसं करायचं म्हणजे कुणा परक्या बाईशी बोलल्यासारखं होईल.

तू गाडी घेते म्हणालीस तेव्हा मला वाटलं, जुनी पांढरी गाडी थकली, आता तसलीच दुसरी येईल. तू फोनवर फोटो दाखवलास. दोन दारं, दोनच माणसांची जागा, हळदीसारखी पिवळी, आणि बुटकी इतकी की शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरचा आरसा तिच्या छपराच्या वर आलेला.

"ही?"

"ही."

"कुंदा, या वयात स्पोर्ट्स कार?"

"त्या वयात कुणी दिली नाही."

 पुढे तूच सांगितलंस की ती तीन घरी नांदून आलेली आहे. 'नांदून' हा शब्द तुझा. "तिघांनी सोडली म्हणजे काहीतरी असणार. चौकशी करायला हवी."

मुलांना हे सांगायला हवं. पूर्वी आपल्याकडे लग्न ठरवताना घरातली माणसं त्या स्थळाच्या शेजारीपाजारी, नात्यागोत्यात जाऊन विचारून यायची. माणसं कशी, तब्येती कशा, कुणाचा स्वभाव कसा. समोरचे चहा द्यायचे आणि सगळं चांगलंच सांगायचे. आणि मुलगी बघून गेल्यावर नकार द्यायचा असला तर कुणी कारण सांगायचं नाही, 'पत्रिका जुळत नाही' एवढाच निरोप यायचा. कुंदा, तुला बघायला आलेल्या सगळ्यांचं पत्रिकेपाशीच अडलं. मी तेव्हा या घरात नवी होते आणि पोहे माझ्या हातचे असायचे. बऱ्याच वर्षांनी तूच एकदा म्हणालीस, "पत्रिकेचं काही नव्हतं, वहिनी. त्यांनी तुझे पोहे खाल्ले." आपण दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या पाण्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

तर आपण चौकशीला निघालो. गाडी येरवड्यात होती, लाकडाची वखार असलेल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे. त्यांचं कुटुंब कित्येक पिढ्या तिथलंच. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा दिला आणि आधीच्या दोघांची नावंही दिली. नारायण पेठेतले एक डॉक्टर आणि त्यांच्यानंतर धायरीचा एक तरुण. "जाऊन विचारा त्यांना. लपवायचं काय आहे?"

"आणि तुम्ही का विकता?" तू विचारलंस.

चाचा हसले. "बाई, ही गाडी बसताना कळत नाही. उतरताना कळेल."

"म्हणजे?"

"बसून तर बघा."

"बसायचं काय त्यात? बसायला तर घेतेच आहे," तू म्हणालीस, आणि बरोबर आणलेला तुझा नेहमीचा मेकॅनिक गाडीतून चक्कर मारून आला. इंजिन उत्तम आहे म्हणाला.

इथेच आपली चूक झाली. आपण गाडीभोवती फिरलो, रंग बघितला, काचा बघितल्या, तिची माहिती काढायला शहराच्या दोन टोकांना गेलो, पण दोघींपैकी एकीनेही आत बसून बघितलं नाही. कुणाच्या घरी गेल्यावर त्यांनी दोनदा आग्रह केल्याशिवाय टेकायचं नाही, या वळणात आपण वाढलो. चाचांनी एकदाच म्हटलं होतं.

नारायण पेठेतले डॉक्टर म्हणाले, "गाडी छान होती हो. वेळच मिळत नव्हता चालवायला." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "गल्लीत शिरत नव्हती." डॉक्टर म्हणाले, "तेही." धायरीच्या मुलाने सांगितलं, बाळ झालं, दोनच सीट आहेत, तिघांतून कुणाला घरी ठेवायचं? मला ते पटलं. तुला नाही.

"हे सगळं 'पत्रिका जुळत नाही' आहे," परतताना रिक्षात तू म्हणालीस.

"अगं, त्याला खरंच बाळ झालंय. आत रडत होतं."

"बाळ खरं आहे. कारण खरं नाही."

"काही माणसं खरंही बोलतात, कुंदा."

"बोलतात. विकताना नाही. आपल्यावर विकायची वेळ आली ना, तर खरं कारण सांगायचं. पार्किंगची अडचण आहे वगैरे सांगायचं नाही."

"आपल्यावर म्हणजे? गाडी तुझी."

"विकायची वेळ तुझ्यावर येणार. मी आधी जाणार."

"मी मोठी आहे. मी आधी."

"मोठी असशील. ही काय रेशनची रांग आहे?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, आधी कुठं सोडू तेवढं सांगा."

तो वाद तिथेच राहिला. नंतर कधी विषय निघाला तर आपण रिक्षावाल्याची आठवण काढून हसायचो आणि मुद्दा बाजूला पडायचा. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. मी मोठी होते. मी पुढे उभी होते.

गाडी घरी आली त्या दिवशी मी ओवाळायला तबक घेऊन खाली उभी होते. सोसायटीच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवर ती आली आणि पोटाखालून असा आवाज झाला की वॉचमन दोन पावलं मागे सरला. ती पुढेही जाईना आणि मागेही. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. ते म्हणाले, "कुंदाताई, आता गाडीसाठी रस्ता बदलायचा का?" तू खिडकीतून म्हणालीस, "रस्ता वर्गणीतून झालाय. वर्गणीत मीही आहे. अर्धा बदला."

रस्ता बदलला नाही; त्या दिवशी वॉचमनने ढकलून, तिरकी करून ती काढली. उपाय तूच काढलास, आणि तो उपाय म्हणजे मी. दोघी बसलो की तिरकी घालूनही गाडी अडायची; माझं वजन उतरलं की बोटभर वर यायची आणि तिरकी निसटायची. मग आपलं ठरूनच गेलं. फाटकाशी मी उतरायचे, स्पीडब्रेकर पायी ओलांडायचे, पलीकडे पुन्हा बसायचे. पुढे शाळेपाशीच्या स्पीडब्रेकरवर पुन्हा तेच. सकाळी फिरायला निघालेली माणसं थांबून बघायची. पिवळीधमक स्पोर्ट्स कार, आणि तिच्या पुढे पदर खोचून चालणारी म्हातारी. ईशानला व्हिडिओ पाठवला तेव्हा त्याने विचारलं, आजी गाडी ओढतेय का? स्पोर्ट्स कार आल्यापासून मी जितकी चालले तितकी त्याआधी कैक वर्षांत चालले नव्हते.

आणि मग ते उतरणं. मी काटकुळी, दार धरून कशीबशी बाहेर यायचे. तुझे गुडघे तुझं ऐकत नव्हते. पहिल्या दिवशी तू इंजिन बंद केलंस, दार उघडलंस, दोन्ही पाय बाहेर टाकलेस आणि तशीच राहिलीस. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून तू म्हणालीस, "चाचा प्रामाणिक होते गं." मग उजवा हात पुढे केलास, तळवा वर. "ओढ." मी पाय रोवले. एक, दोन, तीन. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "खांदा जागेवर आहे, बघितला मी. चहा टाक."

असं प्रत्येक वेळी. तुला आत जाता यायचं एकटीने, बाहेर येता यायचं नाही. एकदा वॉचमन हात द्यायला पुढे झाला तर तू त्याला म्हणालीस, "तू फाटक बघ. वहिनी येईल." मी तेव्हा चिडले होते. माझाही खांदा दुखत होता आणि तो धडधाकट माणूस समोर उभा होता.

आता ते आठवतं तेव्हा मला त्या आधीची वर्षं दिसतात. तुझा दादा गेल्यावर मी घराबाहेर पडणं सोडलं होतं. सगळे समजवायचे, बाहेर पड, मन रमव. माझा मुलगा फोनवर रोज तेच सांगायचा. तू एकदाही सांगितलं नाहीस. तू फक्त मला 'तुम्ही' म्हणायचं सोडलंस आणि 'तू' म्हणायला लागलीस, आणि रोज रात्री आपलं ताट घेऊन खाली जेवायला आलीस. मग कधीतरी चौकशीच्या निमित्ताने मला बाहेर काढलंस, ही गाडी आणलीस आणि म्हणालीस, "मला उतरायला हात लागतो. तुला यावं लागेल." मी आले. माझी गरज आहे म्हटल्यावर मी येणारच, हे तुला माहीत होतं. गाडीत दोनच जागा आहेत हे तू घेताना बघितलं होतंस का, हे विचारायचं राहून गेलं.

उजाडताना आपण बायपासला लागायचो. तू एरवी एवढी बोलणारी, स्टिअरिंगवर हात ठेवला की गप्प व्हायचीस. रस्ता मोकळा मिळाला की गाडी एकदम खोल आवाज काढायची, मी सीटची कड धरायचे. "हळू, कुंदा." तू ऐकायची नाहीस. मी तुझ्याकडे बघायचे. तुझा तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. आपल्या घरात तुझा चेहरा नेहमी कुणाला तरी उत्तर द्यायला तयार असायचा. तिथे तो कुणालाच उत्तर देत नव्हता.

परत आल्यावर मात्र तू मला रोज छळलंस. मी उतरून, गाडीला वळसा घालून, तुझ्या दाराशी हात पुढे करून उभी राहायचे. आणि तू, "थांब, एक मिनिट." इंजिन बंद, पाय बाहेर, आणि तू नुसती बसलेली.

"काय बघत बसतेस? समोर भिंत आहे."

"आहे ना. थांब."

"माझा हात दुखतोय."

"दुखू दे जरा."

काय बघत होतीस, हेही विचारायचं राहिलं.

हॉस्पिटलातल्या त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. मुलांना ठाऊक आहे. एवढंच लिहिते, कारण हे त्यांना ठाऊक नाही. एका दुपारी तू डोळे उघडलेस आणि उजवा हात माझ्याकडे केलास, तळवा वर, अगदी तसाच. मी खुर्चीवरून उठले आणि सवयीने पाय रोवले. तुझा हात दोन्ही हातांत घेतला. "एक, दोन," म्हटलं. पुढचा आकडा तोंडातून निघेना. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "थांब, एक मिनिट."

मी थांबले. हात सोडला नाही. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज सोमवार आहे. काल ते लोक येऊन गेले.

यवतमाळची एक मुलगी, स्वाती, इथे आयटीत आहे. बरोबर तिची आई, लेकीकडे राहायला आलेली. आई माझ्याच जातकुळीतली निघाली. वर येण्याआधी तिने वॉचमनला गाठून सगळी विचारपूस केली होती आणि ते लपवलंही नाही. "आम्ही खाली त्या भाऊले विचारलं. तो म्हणे, गाडी चांगली आहे, पण तिच्यापुढे आजी चालत जाते. आम्हाले काही समजलं नाही." मी समजावून सांगितलं. मायलेकी हसल्या. मीही हसले, तुझे दिवस झाल्यापासून पहिल्यांदा, आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. पोहे केले नव्हते. चिवडा दिला.

पार्किंगमध्ये स्वातीने विचारलं, "काकू, बसून पाहू?" आणि उत्तराची वाट न बघता बसली. उतरलीसुद्धा, चेंडू उसळावा तशी. तुझ्यासमोर हे झालं असतं तर तू तोंड फिरवलं असतंस.

मग तिच्या आईने विचारलं. "ताई, एवढी छान गाडी. का बरं विकून राहिल्या तुम्ही?"

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. कबूल करते, ते पार्किंगचंच होतं. "पार्किंगची," एवढं म्हणालेही. समोर तुझी गाडी होती, तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा होती. मला रिक्षा आठवली.

मी म्हटलं, "ही माझ्या नणंदेची गाडी. तिला हिच्यातून एकटीला उतरता यायचं नाही. मी हात द्यायचे. आता हात द्यायला मी आहे, उतरायला ती नाही. मला ही गाडी रोज उभी दिसते आणि मी रोज तिच्या दाराशी जाऊन थांबते. म्हणून विकते."

 बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लेकीला म्हणाली, "घेऊन टाक."

झालं, कुंदा. खरं कारण सांगून विकली. चौथ्या घरून पाचव्या घरी चालली. तुझ्या बाजूने सांगायचं तर तू जिंकलीस. माझ्या बाजूने, काही माणसं विकतानाही खरं बोलतात.

किल्ली देण्याआधी मी स्वातीला म्हटलं, मला एकदा बसू दे. डाव्या बाजूच्या माझ्या जागेकडे मी वळले होते, पण मग वळसा घालून तुझ्या जागी गेले. तिथे मी कधीच बसले नव्हते. सीट माझ्यापेक्षा मोठ्या माणसाची आहे, मी आत खोल गेले. स्टिअरिंगवर हात ठेवले. समोर भिंत, तीच. तिच्यात बघण्यासारखं खरोखर काही नाही. मग तू करायचीस तसे पाय बाहेर टाकले आणि उठायला गेले. उठता येईना.

"द्या काकू, हात द्या," स्वाती म्हणाली आणि दाराशी आली.

मी वर बघितलं. त्या जागेवरून बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कुंदा. छप्पर आड येतं. उभं कोण आहे ते कळत नाही. फक्त पुढे केलेला एक हात दिसतो, आपल्यासाठी थांबलेला.

मी बसून राहिले. तो हात बघत राहिले. कुणाचाही असू शकला असता.

"काकू?" बाहेरून आवाज आला. "हात दुखून राहिला ना माझा."

"दुखू दे जरा," मी म्हटलं.